पत्नीकडून समजले

काकांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात वजनकाटा असायचा. माणसाने उभं राहून वजन करायचा चपटा लोखंडी काटा, वरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. त्याच्याखाली शिंप्याची टेप, एक फूटपट्टी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले विम्याचे कोरे फॉर्म. आमच्या ऑफिसात सगळे त्यांना गुजरातीत 'काटावाळा काका' म्हणत. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे म्हणणाऱ्यावर होतं. पहिली दोनेक वर्षं मी थट्टेनेच म्हणत होते.

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका कापड मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या आयुर्विमा कंपनीची शाखा. मी तिथे पगारावर, काका कमिशनवरचे एजंट. शाखेतले सगळ्यात जुने. मूळचे खानदेशातले, साक्रीकडचे. तरुणपणी सुरतेला येऊन पंधरा वर्षं कापडाच्या लूमवर काढली, त्या खडखडाटात उजवा कान गेला, मग विम्यात आले. कान गेल्यामुळे ते हळू बोलूच शकत नसत. लोकांची दुखणी विचारायची तीसुद्धा अशा आवाजात की शेजारची चाळ ऐकायची.

विम्याच्या फॉर्मवर उंची आणि वजनाचे दोन रकाने असतात. आमचे बाकीचे एजंट तिथे डोळे मिटून पाच फूट सहा इंच, पासष्ट किलो लिहीत. आमच्या फाइली चाळल्या तर वाटावं, सुरतेतले सगळे पुरुष एकाच मापाने शिवलेत. काका मात्र गिऱ्हाइकाला काट्यावर उभं करायचे. चपला काढायला लावायचे, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या काढायला लावायचे. लूमच्या दारात, डाइंग मिलच्या गेटवर, लग्नाच्या मांडवात, जिथे माणूस भेटेल तिथे. पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही उभं केलं होतं, मी पॉलिसी घेणार नव्हते तरी. आकडा सगळ्या ऑफिसला ऐकू गेला आणि मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

वजनानंतर दुखण्यांचे रकाने. तंबाखू खाता का, दारू पिता का, बीपी, शुगर, छातीत दुखतं का. इथे सगळे एजंट वरपासून खालपर्यंत एकाच रेघेत 'नाही' लिहितात. विचारतसुद्धा नाहीत, कारण विचारलं तर माणूस 'हो' म्हणायची भीती. काका विचारायचे, पण नवऱ्याला नाही. नवऱ्याला ते पैसे देऊन खाली चहा आणायला पाठवायचे आणि मग त्याच्या बायकोकडे वळून अहिराणीत विचारायचे, तो खातो काय.

"तो गया. आते खरं सांग माय, काय खास तो?"

बाई पदराशी चाळा करत बसे. काका तोवर फूटपट्टी काढून ठेवत. घाई नसायचीच त्यांना.

"तंबाखूना मावा खास," ती शेवटी म्हणायची. "दिनमा आठ-दहा."

ते लिहून घ्यायचे आणि समासात आपल्या वळणदार मराठी अक्षरात शेरा मारायचे: 'पत्नीकडून समजले.' खाली फूटपट्टीने एक रेघ आखायचे आणि त्या रेघेवर बाईची सही घ्यायचे, नाहीतर अंगठा. कंपनीच्या फॉर्मवर अशी कुठली जागाच नव्हती, ती त्यांनी स्वतः काढलेली. मग फॉर्मवरच्या उरलेल्या सगळ्या कोऱ्या जागांवर तिरकी रेघ मारायची, मागाहून कुणी काही घुसवू नये म्हणून. नवरा चहाची पिशवी घेऊन वर येईपर्यंत त्याची सगळी कुंडली कागदावर उतरलेली असे.

मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, कशाला एवढं? सगळे 'नाही' लिहितात, कंपनी घेते."

"लिहिताना माणूस जिवंत असतो, माय," ते म्हणाले. "कंपनी फॉर्म वाचते तो मेल्यावर."

हे ते नेहमी म्हणायचे, आणि आम्ही पाठीमागे त्यांच्या आवाजात म्हणून हसायचो.

या त्यांच्या पद्धतीमुळे धंदा बसायचा, हे सांगायला नकोच. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टरी तपासणीला जायची, तिथून हप्ता वाढून यायचा आणि माणूस निघून जायचा. बाकीचे एजंट टार्गेट गाठून बँकॉकला जाऊन आले, फोटो दाखवून झाले. काका कधी दमणच्या पलीकडे गेले नाहीत. पण एकदा काही कामासाठी मी कॉम्प्युटरवर त्यांच्या कोडखालच्या सगळ्या फाइली काढल्या, तेव्हा बघितलं, त्यांच्या गिऱ्हाइकांतला मेलेल्या माणसाचा एकही क्लेम कंपनीने कधी नाकारलेला नव्हता. एकही. शाखेत असं दुसरं कुणी नव्हतं. हे त्यांनी स्वतःहून कुणाला कधी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण त्या दिवशी मला उशीर होत होता.

एकदा कंपनीने सगळ्यांना एका हॉटेलात बोलावलं. मुंबईहून एक तरुण साहेब आलेला. भिंतीवर जगाचा नकाशा टाकून त्याने सांगितलं की जगात विमा कसा वाढतोय. जपान, युरोप, अमेरिका गडद निळे. तिथे आता विमा नसलेला माणूस सापडत नाही, तिथली माणसं म्हातारी होत चाललीत. वाढ व्हायची ती आपल्याकडे. कोरोनानंतर लोकांना मरणाची जाणीव झालीय, हा मोठा बदल आहे. पुढे कागद राहणार नाही, पाच मिनिटांत मोबाइलवर पॉलिसी निघेल, क्लेमसुद्धा कॉम्प्युटरच बघेल. "आणि हा फिकट भाग," नकाशातल्या आपल्या देशावर हात फिरवत तो म्हणाला, "ही आपली संधी."

काका पुढच्या रांगेत होते, डावा कान पुढे करून. ते उभे राहिले.

"साहेब, इस में जिनका क्लेम नामंजूर हुआ, वो कौनसे कलर में हैं?"

हॉल हसला. साहेबही हसला. म्हणाला, "काका, ये ग्रोथ का नक्शा है." काका "अच्छा" म्हणून खाली बसले. ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच तो रंग बघायचा होता. जेवणानंतर त्यांनी दोन गुलाबजाम कागदी रुमालात बांधून काकूंसाठी पिशवीत काट्यावर ठेवले, आणि येताना बसमध्ये पाक गळून सगळे फॉर्म चिकट झाले.

पण त्या भाषणातलं एक त्यांनी पक्कं डोक्यात ठेवलं. आमची कंपनी घेतलेल्या विम्याचा मोठा वाटा पुढे परदेशातल्या आणखी मोठ्या कंपनीकडे देते, तिकडे नुकसान वाढलं की इथले दरही वाढतात. पुढे पलसाण्याच्या मिलच्या गेटवर मी त्यांना हे कामगारांना समजावताना ऐकलं. रंगाने हात निळे झालेली चार पोरं समोर उकिडवी बसलेली.

"तू आठे हौदजोडे घसरना," काका म्हणाले, "तर तठे बर्फमा बसेल एक गोरा तुना फॉर्म वाचस. तो तुले वळखत नही. मंग त्याले काय समजाले पायजे?"

पोरांतला एक म्हणाला, "मनं वजन."

"हां," म्हणून काकांनी काटा काढला.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगते. ते टाळून हे पुढे नेता येणार नाही.

माझी धाकटी बहीण सुरतेतच, डिंडोलीला राहते. तिचा नवरा पलसाण्याच्या एका मिलमध्ये डाइंग मास्टर होता. पोटाने थोडा सुटलेला, हसरा, हट्टी. त्यांना पॉलिसी घ्यायची होती तेव्हा मीच काकांना पाठवलं. आमचे वडील महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर होते, त्यामुळे प्रामाणिक माणसाचं घरात फार कौतुक. काकांनी जाऊन नेहमीप्रमाणे सगळं केलं. मेहुण्याला काट्यावर चढवलं, चौऱ्याऐंशी किलो भरलं. त्याला चहाला पाठवलं. बहिणीने सांगितलं: मावा दिवसाला दहा. बीपीची गोळी आहे, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून आणतो, डॉक्टरकडे जात नाही, बरं वाटलं की बंद करतो. 'पत्नीकडून समजले.' खाली बहिणीची सही.

कंपनीने हप्ता जवळजवळ दीडपट सांगितला. मेहुणा भडकला.

"माझ्याच बायकोला माझ्याविरुद्ध साक्षीला बसवलं त्या म्हाताऱ्याने," तो मला म्हणाला. "परत पाठवू नका त्याला."

पॉलिसी राहून गेली. तो अर्ज कुठल्यातरी खोक्यात जाऊन पडला.

दीड-एक वर्षाने ते मोबाइलचं ॲप आलं. मार्च महिना, शाखेचं टार्गेट आम्हा पगारवाल्यांनाही असायचं, मला एक पॉलिसी कमी पडत होती. रविवारी दुपारी बहिणीकडे जेवायला गेले. भरीत-भाकरी होती. जेवता जेवताच मी मेहुण्याचा अर्ज भरला. त्या ॲपमध्ये दुखण्यांचे सात प्रश्न असतात, आणि सातही आधीच 'नाही'वर असतात. 'हो' करायचं तर दाबावं लागतं, मग नवं पान उघडतं, डॉक्टरचं नाव मागतं, कागद मागतं. मी एकही दाबला नाही.   मेहुण्याच्या फोनवर ओटीपी आला, त्याने तो भाकरी मोडता मोडता वाचून दाखवला.

बहीण तव्यापासून म्हणाली, "ताई, गोळीचं लिहिलंस ना?"

"लिहिलं," मी म्हटलं.

भरीत गार व्हायच्या आत पॉलिसी निघाली. महिनाअखेरीला माझं नाव शाखेच्या फळ्यावर लागलं. काका फळ्याकडे बघून म्हणाले, "वा, माय." त्यांनी कुणाची पॉलिसी ते विचारलं नाही.

पॉलिसीच्या अकराव्या महिन्यात, दुपारच्या पाळीत, मेहुणा मशीनजवळ कोसळला. मिलच्या गाडीत घालून सुरतेकडे निघाले, पण वाटेतल्या कडोदऱ्यापर्यंतही तो पोचला नाही. एकोणचाळीस वर्षांचा होता. दोन मुली, मोठी सातवीत. सुतकाचे दिवस संपायच्या आत सासरची माणसं म्हणायला लागली की आता सुरतेत कशाला, गावी चल, मुली तिथल्या शाळेत जातील, जमेल तेवढं शिकतील. बहिणीला जायचं नव्हतं. ती माझ्याकडे बघायची. पॉलिसी होती ना. ताईने स्वतः काढलेली.

पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर माणूस गेला तर कंपनीला फॉर्म उकरून काढता येत नाही, असा कायदा आहे. त्याच्या आत गेला तर कंपनी सगळं उकरते. अहमदाबादहून तपासणी अधिकारी आला. शांत, नीटनेटका माणूस, आवाज न चढवणारा. त्याने खोक्यातला जुना अर्ज काढला. माणूस जिवंत होता तोवर कागदावरच्या अर्जाची आणि मोबाइलमधल्या अर्जाची कधी गाठ पडली नव्हती. आता दोन्ही एका टेबलावर आले. मेडिकलवाल्याकडे नोंद नव्हती, डॉक्टर नव्हता. मेहुण्याला बीपी होतं आणि तो मावा खायचा याचा सगळ्या जगात एकच पुरावा होता, तो म्हणजे काकांचं अक्षर आणि त्याखाली माझ्या बहिणीची सही.

मी काकांच्या घरी गेले. रविवार सकाळ होती. दर रविवारी ते शेजारच्या किराणावाल्याकडून पाच किलोचं वजन आणून काटा तपासत, तेच चाललं होतं. मी सगळं सांगितलं. फॉर्म, ॲप, भरीत, सगळं. त्यांनी मान वर केली नाही.

"बहिणीला काय सांगितलं होतं तू?"

"लिहिलं म्हणून सांगितलं."

ते काट्यावरून वजन उतरवून परत ठेवत राहिले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. काकूंनी चहा आणून ठेवला.

"ती माझ्याजवळ खरं बोलली," ते म्हणाले. "मी नवऱ्याला बाहेर पाठवलं म्हणून बोलली. खरं बोलली म्हणून तिलाच मार बसला, तर मग कुठल्या बाईने मला खरं सांगायचं?"

मग म्हणाले, "अहमदाबादच्या साहेबाला सांग, आधी माझा जबाब घ्या."

मॅनेजरच्या केबिनमध्ये जबाब झाला. लिहून घ्यायला मला बसवलं, कारण माझं अक्षर बरं. माझं त्या मयताशी नातं आहे हे अधिकाऱ्याला माहीत होतं, पण लिहिण्यापुरतं चालेल म्हणाला. काका खुर्चीत ताठ बसले होते. पिशवी दोन पायांमध्ये जमिनीवर.

"काका, ये साइन किसकी है?"

"उस बेन की."

"उन्होंने ये सब बताया, तब साइन की?"

"नहीं. साइन कोरे फॉर्म पर ली थी. बाकी मैंने बाद में घर बैठ के भरा."

माझा हात थांबला. "लिखो बेन," अधिकारी म्हणाला. मी लिहिलं.

कोऱ्या फॉर्मवर सही घेणं ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. शाखेतल्या प्रत्येक एजंटच्या बॅगेत सही केलेले कोरे फॉर्म असायचे. फक्त या एका माणसाच्या पिशवीत नसायचे.

अधिकारी मागे टेकला. "एजंट लोग बीमारी छुपाते हैं, काका. जोड़ता कोई नहीं. आपने क्यों जोड़ी?"

काकांनी हे आधी ठरवून ठेवलं असणार. ते लगेच म्हणाले, "मैं हर फॉर्म में कुछ ना कुछ लिख देता हूँ. थोड़ा तंबाखू, थोड़ा बीपी. कंपनी को लगता है, आदमी सच्चा है. मेरी फाइल कोई खोलता नहीं."

"हर फॉर्म में?"

"हर फॉर्म में."

"और वजन? सब कहते हैं आप तो तौलते हो."

इथे मात्र काका थांबले. पायांतल्या पिशवीकडे त्यांनी बघितलं नाही, पण त्यांचा पाय तिला लागला आणि आतला लोखंडी आवाज झाला. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि खरं काय ते सांगून मोकळा होईल. त्या क्षणी मला ते हवं होतं की नको होतं, हे मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"अंदाज से," ते म्हणाले.

मी लिहिलं: वजन अंदाजाने. त्यांनी कागद दोनदा वाचला, सही केली, माझ्याकडून फूटपट्टी मागून घेतली आणि सहीखालच्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारली.

बहिणीला अधिकाऱ्याने घरी जाऊन एवढंच विचारलं की सही केली तेव्हा फॉर्म कोरा होता का. मी तिला 'आठवत नाही' म्हणायला सांगून ठेवलं होतं. ती तसं म्हणाली. अधिकारी गेल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि कुकर लावायला उठली. गोळीचं तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही. ती मूर्ख नाही.

क्लेम मंजूर झाला. बहीण सुरतेतच राहिली, मुलींची शाळा सुटली नाही. काकांची एजन्सी रद्द झाली. नोटीस फळ्यावर लागली, जिथे माझं नाव लागलं होतं तिथेच. "काटावाळा पण तसलाच निघाला," चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, आणि बाकीचे हसले. मी ग्लास धरून उभी होते. 

चार महिन्यांनी गोडादऱ्याच्या एका लूम कामगाराचा क्लेम आला. पॉलिसी पावणेदोन वर्षांची, एजंट काका. कॉम्प्युटरवर फाइल उघडताच वर लाल पट्टी आली: या एजंटने दिलेली माहिती संशयास्पद, सखोल तपासणी करावी. आत फॉर्म होता. एकसष्ट किलो. बिडी, दिवसाला सहा. पत्नीकडून समजले. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असणार, हे मी शपथेवर सांगितलं असतं. सांगायची सोय मात्र मीच घालवून बसले होते.

मी पुन्हा काकांकडे गेले. "मी जाऊन सगळं सांगते," म्हटलं.

"मग तुझ्या बहिणीला दिलेलं परत मागतील," ते म्हणाले. "तिची पोरं घरी बसतील. आणि मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, तेही फुकट जाईल."

"आणि या गोडादऱ्याच्या बाईचं काय?"

 त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "फॉर्म भरताना मी कधी एक रकाना सोडला नाही, माय," ते म्हणाले. "त्या दिवशी सोडला. हर फॉर्म में म्हणालो, तेव्हा फक्त तुझी बहीण डोळ्यासमोर होती. बाकीच्या बायका आठवल्याच नाहीत."

त्यानंतर त्यांनी एक यादी केली. शेवटच्या तीन वर्षांत त्यांच्याकडून पॉलिसी घेतलेली त्रेचाळीस माणसं, प्रत्येकाच्या नावापुढे तीन वर्षं पूर्ण व्हायचा दिवस. तो दिवस उलटला की कंपनीची लाल पट्टी त्या माणसाचं काही वाकडं करू शकत नव्हती. म्हणजे त्या माणसाने तोवर जगणं, एवढंच उरत होतं. आणि काका त्यांना जगवायला निघाले. रोज सकाळी पिशवी घेऊन बसने कामरेज, पलसाणा, गोडादरा. विकायला काही नाही. दारात उभे राहून मोठ्याने विचारायचे, गोळी घेतली का. मावा किती झाला. काट्यावर चढ. वजन उतरलेलं दिसलं की धरून दवाखान्यात न्यायचे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. काहींनी दार लावून घेतलं, तर ते ओट्यावर बसून राहायचे. तीन वर्षं पुरी झालेल्याच्या नावावर ते फूटपट्टीने रेघ मारायचे, आणि त्या दिवशी त्या घरी चहा मागून प्यायचे.

गोडादऱ्याच्या बाईचा क्लेम सात महिने रखडून शेवटी मिळाला, मी दारोदार फिरून कागद गोळा केल्यावर. त्यानंतर यादीतला कामरेजचा एक जण गेला, त्याचा नाकारला गेला. त्याची बायको मुलं घेऊन गावी निघून गेली. काकांना ते सांगायला मी गेले नाही, पण त्यांना कळलं. तिला गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर तेच गेले होते, हे मला काकूंकडून समजलं.

गेल्या माघात काका गेले. पलसाण्याहून येताना बसमध्येच, मांडीवर पिशवी. खांद्यावर मान टाकलेली म्हणून कंडक्टरला झोपलेत असं वाटलं. त्यांच्या स्वतःच्या नावावर विमा नव्हता. लूमवरच्या दिवसांत छातीत सुताची धूळ बसलेली, ते त्यांनी स्वतःच्या फॉर्मवर खरं लिहिलं होतं आणि कंपनीने त्यांना कधी घेतलंच नाही. माझी बहीण मुलींना घेऊन आली. तिने दोघींना त्यांच्या पायावर डोकं ठेवायला लावलं. माझ्याशी ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

काकूंनी पिशवी मला दिली. यादीत रेघ न मारलेली नऊ नावं उरली होती. आता रविवारी मी जाते. माझा आवाज त्यांच्यासारखा चढत नाही, पण दारात उभी राहून विचारते. लोक ओशाळून काट्यावर चढतात.

गेल्या महिन्यात त्या नऊ जणांतला एक गेला. तीन वर्षं व्हायला एकोणीस दिवस कमी होते. त्याची बायको काल ऑफिसात आली, माझ्यासमोर बसली. हात साड्यांना टिकल्या लावून लावून खरबरीत झालेले. मी फाइल उघडली. लाल पट्टी, आणि तिच्याखाली शाखेने भरायचा एक प्रश्न: एजंटने दिलेली माहिती विश्वासार्ह आहे का? तो आधीच 'नाही'वर असतो. 'हो' करायचं तर दाबावं लागतं, मग खाली कारण लिहायला जागा उघडते.

"काकांनी याले चहा लेवाले धाडेल व्हतं," ती म्हणाली. "मी समदं खरं सांगेल व्हतं, बेन. त्यास्नी लिखेल बी व्हतं. मंग कशाले अडकनं?"

 मी तिला सांगितलं की तपासणी चालू आहे, आठ दिवसांनी या. ती पाणी पिऊन गेली. फाइल अजून माझ्याकडेच आहे. तो प्रश्न अजून 'नाही'वर आहे.